पहिला गोल पाहुण्याचा

खेळाच्या मैदानावर लहानमोठा कुणी राहत नाही. चेंडू माणसाला माणसाच्या जवळ आणतो. हे सत्य मी महाडच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून निबंधात लिहून घेतलं, आणि ज्यांनी ते शुद्ध लिहिलं त्यांना बरे गुणही दिले. स्वतः मी खरा खेळाडू एकच जवळून पाहिला. तो मैदानाच्या मधोमध उभा असे, आणि त्याच्या संघातला सर्वांत जवळचा माणूस त्याच्यापासून वीस पावलांवर असे.

मी मूळचा घाटावरचा. दोन वर्षं काढू आणि मग दुसरीकडे जाऊ अशा बेतानं महाडला आलो. पण दुसरीकडे म्हणजे कुठं हे ठरेना, कारण गावी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. दोन्ही वेळा खानावळीत जेवत होतो, संध्याकाळी गांधारी नदीच्या काठानं फिरत होतो, आणि पावसाचे चार महिने बुरशी आलेली पुस्तकं पुसत होतो. असा माणूस दिसला की गाव त्याला कशाचा ना कशाचा चिटणीस करतं. मला फुटबॉल मंडळाचा केलं.

अध्यक्ष एक वकील होते. कोर्टात त्यांचं बरं चाले, आणि कोर्ट नसेल तेव्हा गावात जिथं जिथं हार घालायचा किंवा घालून घ्यायचा असे तिथं ते हजर असत. फुटबॉल त्यांनी एकदाच पाहिला होता, खडकीला, गोऱ्या सोल्जरांचा, आणि तोही कुंपणाबाहेरून. येताना ते एक चेंडू, एक पंप आणि एक शिट्टी घेऊन आले. शिट्टी स्वतःकडे ठेवत. नियमांचं पुस्तक मी टपालानं मागवलं. ऑफसाइडचा नियम त्यांना पाटावर सुपाऱ्या मांडून समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, हे हायकोर्टात टिकणार नाही."

खेळणारे म्हणजे कचेरीतले कारकून, दोन दुकानदार, पोस्टातला एक आणि आणखी असेच. भात कापून झालं की नदीकाठचं एक सपाट शेत मिळे. धसकटं तुडवायची, राखेच्या रेघा मारायच्या, दोन्ही टोकांना बांबू रोवायचे आणि अनवाणी खेळायचं. दर हिवाळ्यात दापोलीकडचा एक संघ येई. तीन सामने होत, आणि दापोलीकर ढाल घेऊन जात. ढाल वकिलांनीच करून घेतलेली होती. ती दरवर्षी स्वतःच्या हातांनी दुसऱ्याला देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

एका दिवाळीनंतर आमचा लेफ्ट-विंगर, म्हणजे कचेरीतला एक कारकून, पोलादपूरकडं पीकपाहणीला जाऊन आला. उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथं त्याला एक माणूस भेटला होता.

"मुंबईत गिरणीच्या टीममध्ये सात वर्षं खेळलाय," कारकून सांगत होता. "गिरणीनं टीम मोडली. टीम मोडली म्हणून खात्यातूनही नाव कमी केलं. घरी येऊन बसलाय."

वकील पुढं सरकले. "म्हणजे आता कुणाशी बांधलेला नाही?"

"नाही."

"कुणाची परवानगी लागणार नाही?"

"बायकोची लागेल."

"सुटा!" वकील म्हणाले. ज्या जमिनीवर एकाही भाऊबंदाचा दावा नाही अशी जमीन सापडल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

पत्र मी लिहिलं. हिवाळाभर राहण्याजेवणाची सोय मंडळ करील. आणि ढाल महाडला आली तर जूनपासून शाळेत ड्रिलमास्तरची जागा. शाळेच्या समितीचेही वकीलच अध्यक्ष असल्यामुळं हे वाक्य त्यांनी एका दमात सांगितलं आणि मी ते वळणदार अक्षरात उतरवलं. त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं राहणार आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला शाई सुकवायची घाई होती.

आठ दिवसांत तो आला. पोलादपूरपर्यंत डोंगर उतरून, पुढं सर्व्हिस मोटारीनं. तिशीचा असेल, बुटकासा, पोटऱ्या मात्र उखळीसारख्या. हातात एक पत्र्याची पेटी. माझं पत्र त्यानं टोपीच्या घडीत ठेवलं होतं. उतरल्यावर त्यानं ते काढून मला दाखवलं, जणू मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्याचा सत्कार शाळेच्या ओसरीत झाला. आम्ही सगळे जाजमावर आणि तो एकटा खुर्चीवर. वकिलांनी भाषण केलं. उमरठ म्हटलं की इतिहासातलं जे नाव घ्यावंच लागतं ते त्यांनी घेतलं, मग त्या नावावरून ते फुटबॉलवर कसे आले हे मला आठवत नाही, पण आले. पाहुणा दोन्ही पाय जोडून, पंजे आत घेऊन बसला होता. खुर्चीच्या पुढच्या पायाखाली फरशी खोल होती, त्यामुळं तो जरा हलला की खुर्ची कुरकुरे, म्हणून तो हलत नव्हता.

नंतर वकिलांकडे जेवण. पंगत माजघरात. पाहुण्याला मात्र बाहेर पडवीत तीच खुर्ची आणून दिली, पुढं तिवई, तिवईवर केळीचं पान. "खेळाडूचे पाय म्हणजे देणगी," वकील म्हणाले. "मांडी घालून अवघडतील." सगळ्यांना हा विचार फार आवडला. वकिलांच्या माजघरातल्या पंगतीला वाडीवरचा कुळवाडी बसला नसताच. ते कुणी बोललं नाही, बोलायची गरजही पडली नाही. अडचण इतक्या सुबकपणे सुटली होती की ती मानासारखी दिसत होती. मीही आत बसून दोनदा श्रीखंड घेतलं. पडवीतून पान ओढल्याचाही आवाज येत नव्हता.

विडे वाटताना वकिलांनी नेम जाहीर केला. पहिला गोल पाहुण्याचा. आधी त्यानं करायचा, मग बाकीच्यांनी हवे तितके करावेत.

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे कुणालाच वाटलं नाही. शिमग्याला होम लागतो तेव्हा पहिला हात मानकऱ्याचा. तो वाटेत अडकला असेल तर सगळं गाव नारळ हातात धरून उभं राहतं. कुणी म्हणत नाही की चला, उशीर होतोय. पालखीलाही पहिला खांदा त्याचाच. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं; चालायला येतं तसं हेही येतं. तेव्हा मोठ्या मानानं बोलावलेला माणूस मैदानावर असताना आपण आधी गोल मारायचा, ही कल्पना आमच्या बाकीच्या दहा जणांपैकी एकालाही सुचणं शक्य नव्हतं. वकिलांनी ते बोलून दाखवलं एवढंच.

त्याला माझ्या शेजारची खोली दिली होती. मधली भिंत कुडाची, त्यामुळं त्याचं खोकणंसुद्धा मला ऐकू येई. पण पहिले काही दिवस आम्ही फारसे बोललो नाही. गावातले लोक त्याला रस्त्यात पाहून थांबत, नमस्कार करत आणि पुढं जात. दुकानात गेला तर उठून जागा देत, आणि तो बसला की मग दुकानातलं बोलणं थांबे. गावात इतका मान मिळालेला आणि तरी ज्याच्याशी इतकं कमी बोललं गेलं असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्याशीही लोक कमीच बोलत, पण मला मान नव्हता, त्यामुळं ते उठून दिसत नव्हतं.

एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. काखेत चेंडू.

"मास्तर, वाईच मैदानात येता का?"

"मी? मला खेळता येत नाही."

"खेळायचं नाय. निस्तं पळायचं."

मी धोतराचा काचा मारला आणि गेलो. नदीवर धुकं होतं, शेतात दुसरं कुणी नव्हतं, म्हणूनच गेलो.

"तुमी त्या आंब्याकडं पळा," तो म्हणाला. "मागं बघू नका."

मी पळालो. काही पावलांवर चेंडू माझ्या उजव्या पायापुढं येऊन पडला. उसळून नाही, घरंगळत नाही. कुणी वाकून हातानं ठेवावा तसा. मी इतका चकित झालो की थांबलोच.

"थांबू नका वो! मारा!"

मी मारला. तो नदीच्या दिशेनं गेला. त्यानं पळत जाऊन आणला आणि म्हणाला, "आता बांधाकडं."

बांधाकडं पळालो, तिथंही तो आला. विहिरीकडं पळालो, तिथंही. माझा वेग काय, मी कुठं वळणार, हे मला कळायच्या आत त्याला कळत होतं. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षांत मी कुठं निघालो आहे याचा विचार कुणी केला नव्हता. मी धापा टाकत बांधावर बसलो आणि नदीकडे तोंड करून चेहरा पुसत राहिलो. दमलो होतो हे खरंच होतं.

"ह्ये माजं काम," तो शेजारी बसत म्हणाला. "मी हाफ. गोल मारायला गिरणीत दोन भाऊ व्हते. मी द्यायचं, त्यांनी घालायचं. सात वर्सांत माजा एक पन गोल नाय."

"एकही नाही?"

"एक झाला व्हता. आमच्याच गोलात."

"हे वकीलसाहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हनले, तुमच्यात विनय हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही जात होतो. मी पळायचो, तो द्यायचा. बांधावर बसलं की तो घरचं बोले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. शिमग्याला आठ दिवस घरी, गणपतीत चार. मुंबईला जाणाऱ्याचं जे असतं ते. "समदं येका ठिकानी केलं तर वरीस भरत नाय, मास्तर," तो म्हणाला. "बायकोला माजी सवयच नाय. घरी र्‍हायलो तर दोन दिवस ती मला वाढताना पदर सारखा करते, पावना आल्यागत." ड्रिलमास्तरची जागा मिळाली तर शनिवारी दुपारी निघायचं, रात्री वाडीवर, सोमवारी शाळेत. मोटार नसली तर चालत. त्यानं वाट मनात ठरवून ठेवली होती. कुठल्या ओढ्याशी थांबून भाकरी खायची तेसुद्धा. नाही मिळाली तर परत मुंबई, गिरण्यांच्या दारांत.

"ड्रिलमध्ये काय शिकवायचं असतं?" त्यानं एकदा विचारलं.

"एक दोन, एक दोन."

"मंग येईल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

पहिला सामना पौषात झाला. सामन्याआधी वकिलांनी त्याला बूट अर्पण केले. खास मुंबईहून मागवलेले, कातडी, तळाला खिळे. तो जन्मभर अनवाणी खेळलेला. पण इतक्या लोकांसमोर दिलेली वस्तू घालायची नाही असं त्याला म्हणता आलं नाही. बूट घालून तो मैदानात गेला तेव्हा नव्या बैलाच्या खुराला पत्री ठोकल्यावर तो पाय उचलून टाकतो तसा चालत होता.

आणि मग मी कधी न पाहिलेला फुटबॉल पाहिला. आमच्या ज्याच्याकडे चेंडू येई तो ताबडतोब पाहुण्याकडे देई, आणि देऊन आदरानं दूर होई. चेंडू घेऊन तो मान वर करी, कुणाला द्यायचा ते शोधायला. आमचे सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे. कुणी धावत नव्हतं. मानकरी काय करतो ते बघत होते. दापोलीकरांना दहा मिनिटांत उमगलं. त्यांनी तीन माणसं त्याच्याभोवती ठेवली आणि बाकीचे उन्हात उभे राहिले. तरी त्यांचेही हल्ले त्यानं एकट्यानं अडवले. शून्य-शून्य.

गावानं कारण शोधलं: बूट. दुसऱ्या सामन्याला वकिलांनी उदार मनानं परवानगी दिली आणि तो अनवाणी उतरला. पुन्हा तेच. चेंडू त्याच्याकडे, लोक दूर. आता तिघांऐवजी चार माणसं त्याच्याभोवती. शून्य-शून्य. नेम आमच्या माणसांनी काटेकोर पाळला होता. पहिला गोल होत नव्हता, त्यामुळं दुसऱ्याचा प्रश्नच येत नव्हता.

त्या दुसऱ्या सामन्याला त्याची बायको आली होती. बाजाराला म्हणून डोंगर उतरली होती, डोक्यावर नाचणीचं गाठोडं. बांधाच्या टोकाला, लोकांपासून लांब उभी राहून तिनं सगळा सामना पाहिला. संपल्यावर तो घाम पुसत तिकडे गेला. मी त्याचा पंचा घेऊन मागं होतो.

"झाला खेळ?" तिनं विचारलं.

"झाला."

"मंग तुज्याशी कोन खेळत का नाय?"

"खेळतात गो. बघितलंस ना, समदे बॉल मलाच देतात."

"तेच बोलते. तुला देतात. तुजं कोन घेत नाय." ती गाठोडं सावरत म्हणाली. "सुतक असल्यागत लांब र्‍हातात."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, हिला घ्या मंडळात."

"मला काय करायचंय मंडळात? जून कदी हाय ते सांग," ती म्हणाली आणि वाटेला लागली. पंधरा पावलं गेल्यावर वळून मोठ्यानं म्हणाली, "आनि जेवतोस का रे? बारीक झालास!" दापोलीचे खेळाडू हसले. तो तिकडं बघत उभा राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत.

गावात आता कारणं वाढली होती. मुंबईचं पाणी सुटलं म्हणून दम गेला. खानावळीचं तिखट सोसत नाही. दृष्ट लागली. एक जण म्हणाला की गिरणीनं उगाच काढला नसेल. मला कारण ठाऊक होतं. रोज सकाळी माझ्या पायापुढं येऊन पडत होतं. तिसऱ्या सामन्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी वकिलांकडे गेलो.

"या वेळी तो नेम थोडा सैल केला तर?" मी म्हणालो. "त्यानं द्यावा, दुसऱ्या कुणी गोल मारावा. त्याचा खेळच तसा आहे."

वकिलांनी चष्मा काढला. "मास्तर, आपण त्याला खुर्चीवर बसवला. आता त्याच्या डोळ्यांदेखत कचेरीतल्या कारकुनानं आधी गोल मारायचा? त्याला काय वाटेल?"

"त्याला बरं वाटेल."

"तो तसं म्हणेल. विनयशील आहे."

इथं मी आणखी बोलायला हवं होतं. त्या माणसाची जागा, त्याचे शनिवार, सगळं यावर आहे, असं म्हणायला हवं होतं. वकिलांनी चहा मागवला. मी चहा घेतला. खुर्चीची गोष्ट त्या क्षणी काढली असती तर पुढची सगळी संध्याकाळ अवघड झाली असती, आणि मला महाडात संध्याकाळी बसायला ती एकच ओसरी होती.

लेफ्ट-विंगर कारकुनाला मात्र मी बाजूला घेतलं. "समोर मोकळा गोल दिसला तर मार. कुणाचं ऐकू नको."

"मी?" तो दचकला. "अहो, नाही नाही. बरं दिसत नाही ते."

"अरे, पण गोल होईल."

"गोल होईल हो," तो म्हणाला, "पण बरं दिसत नाही."

तिसरा सामना शिमग्याच्या आधीच्या रविवारी. शेताला तडे गेलेले, धूळ, आणि ढाल एका पाटावर शेंदरी कापड घालून मांडलेली. पाहुण्याभोवती चार माणसं. पण त्या दिवशी त्यानं वेगळंच केलं. तो सरळ मागं, आपल्या गोलापर्यंत गेला. चौघंही त्याच्यामागून आले. आणि तिथून त्यानं चेंडू पायानं उचलून डाव्या कडेला असा टाकला, की तो त्या चौघांवरून, सगळ्या मैदानावरून जाऊन कारकुनाच्या पायापुढं पडला. मला तो चेंडू ओळखता आला. तो आंब्याकडं पळतानाचा होता.

कारकुनाच्या पुढं कुणी नव्हतं. त्यांचा गोलकीपर घसरून पडला होता. दोन बांबू, आणि मधे नुसती हवा.

"मार!" पाहुणा पलीकडच्या टोकावरून ओरडला. "मार रे! मार!"

कारकून थांबला. त्यानं चेंडूवर पाय ठेवला. वकिलांकडे पाहिलं. मग पाहुण्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. होमापुढं नारळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी सभ्यता असते ती होती. "घ्या, घ्या तुम्ही," तो म्हणाला आणि त्यानं चेंडू मोठ्या अदबीनं परत पाठवला.

तो अर्ध्यातच राहिला. दापोलीच्या एकानं वाटेत गाठला आणि सरळ जाऊन आमच्या गोलात घातला.

पाहुणा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चिडला नाही. वकिलांनी शिट्टी वाजवली आणि थोड्या वेळानं नेहमीप्रमाणे ढाल दिली. मग भाषण केलं. त्यात मोठ्या शहरातली माणसं लहान जागी फुलत नाहीत, असा विचार मांडला. लोकांनी माना हलवल्या. कारकूनही हलवत होता. वाडीवरून आलेल्या माणसाला मोठ्या शहरातला ठरवून, त्याची निराशा करून घेऊन, वर त्याची कीव करणं एका भाषणात बसवायचं म्हणजे वकिलीच हवी.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. मोटारीला वेळ होता, त्याला थांबायचं नव्हतं, म्हणून सावित्री नदीच्या उतारापर्यंत मी पेटीचं एक कडं धरून त्याच्याबरोबर चाललो. बूट त्यानं खोलीत ठेवले होते, आत कागदाचे बोळे भरून.

"शिमगा घरी काढीन," तो म्हणाला. "मंग मुंबई."

मी त्याला सांगितलं, की वकिलांशी बोललो होतो. नीट बोललो नाही. त्यानं मान हलवली.

"तुमचं काय चुकलं? तुमी तर पळायचात."

नदीला पाणी थोडं होतं. त्यानं पेटी डोक्यावर घेतली, पलीकडं गेला, आणि तिकडून वळून हात वर केला. मीही केला. मग तो दगडांतून वर चढत दिसेनासा झाला.

पुढच्या रविवारी सकाळी मी मंडळाचा चेंडू घेऊन मैदानावर गेलो. का गेलो ते माहीत नाही. एकट्यानं चेंडू मारला की तो आणायलाही आपणच जावं लागतं. चार-पाचदा आणला. मग धोतराचा काचा सोडला आणि खोलीवर आलो. शेजारची खोली मंडळानं सोडली होती. तिथं एका दुकानदारानं मिरच्या साठवल्या होत्या, त्यामुळं भिंतीपलीकडून आता आवाज येत नव्हता, मीच शिंकत होतो.

इतिवृत्तात पाहुण्याला निरोप दिल्याचं कारण लिहायचं होतं. 'अपेक्षेप्रमाणे खेळ न झाल्याने' असं मी लिहिलं. कुणाच्या ते लिहिलं नाही. सभेनं ते एकमतानं मंजूर केलं.

जूनमध्ये ड्रिलमास्तरची जागा भरली. ती वकिलांच्या भाच्याला मिळाली. त्याला दमा होता, त्यामुळं ड्रिलचा तास तो ओसरीत, त्याच खुर्चीवर बसून घेई.